शब्दांचे पाढे

मंडळी, एक गोष्ट मला आजवर उमगलेली नाही. आरटीओच्या फॉर्मवर 'शिकाऊ अनुज्ञप्ती' असं छापलेलं दिसलं की आपण खो खो हसतो. "अरे लायसन म्हणा ना सरळ! हे कसलं मराठी?" आणि तेच आपण, घरी येऊन सोफ्यावर आडवे होऊन, 'पल्क्रिट्यूडिनस म्हणजे सुंदर' असं शिकवणारी तीस सेकंदांची रील बघतो, 'भारी!' म्हणतो आणि चार जणांना फॉरवर्ड करतो. सुंदर ह्या अर्थाचा इतका कुरूप शब्द शोधूनही सापडायचा नाही, पण तो इंग्रजी आहे ना! मराठीत अवघड लिहिणारा तो बाबू आणि इंग्रजीत अवघड लिहिणारा तो विद्वान, असा एकूण हिशोब आहे.

आता कोणी लगेच अंगावर येण्याआधी सांगून टाकतो. माझं भांडण अवघड इंग्रजी शब्दांशी नाही. काही अवघड शब्द इतके नेमके असतात की त्यांच्यावाचून काम अडतं. माझं भांडण आहे ते यादीशी. डावीकडे एक दुर्मीळ शब्द, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे एका शब्दात अर्थ. रोज दहा शब्द, महिन्याला तीनशे. पाढ्यांसारखे घोका आणि इंग्रजी सुधारा. क्लासवाले हे विकतात, अ‍ॅपवाले हे विकतात, आणि आपण ते विकत घेतो. माझं म्हणणं असं की हा माल खोटा आहे, कारण ते बरोबरचं चिन्हच खोटं आहे.

ही यादी आपल्या घरात आली कुठून? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पिढीत ती आली जीआरईमुळे. ऑगस्ट २०११ पर्यंत त्या परीक्षेत विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत. मोठ्या अक्षरांत एक शब्द, खाली पाच पर्याय. ना वाक्य, ना संदर्भ. अशा परीक्षेला यादी हेच उत्तर होतं, म्हणून बॅरन्सच्या जाडजूड पुस्तकातले साडेतीन हजार शब्द पोरं लोकलमध्ये, मेसमध्ये, लायब्ररीत घोकत बसायची. त्यांचं काही चुकत नव्हतं. परीक्षा तशी होती.

पण पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच हे विरुद्धार्थी आणि शब्दजोड्यांचे प्रश्न काढून टाकले. आता शब्द विचारतात, पण वाक्यात किंवा उताऱ्यात. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या एसएटीनंही २०१६ मध्ये दुर्मीळ शब्दांचा सोस सोडला. म्हणजे ज्यांनी हे खूळ आपल्याला लावलं ते मोकळे झाले आणि आपण मात्र ती यादी उराशी धरून बसलोय. आधी फोटोकॉपी होती, आता रील आहे, एवढाच काय तो फरक.

बरं, हे खूळ आजचंही नाही. सोळाव्या शतकात खुद्द इंग्लंडात ह्यावरून रण माजलं होतं. लॅटिन-ग्रीकमधून उचललेल्या अगम्य शब्दांना तिथे 'शिंगाच्या दौतीतले शब्द' म्हणून हिणवत. थॉमस विल्सन नावाच्या गृहस्थानं १५५३ च्या आपल्या वक्तृत्वावरच्या पुस्तकात अशा शब्दांनी ठासून भरलेलं एक पत्र टिंगल म्हणून छापलं. ते पत्र कशाचं असावं? एका रिकाम्या झालेल्या जागेवर आपली वर्णी लागावी म्हणून केलेल्या विनवणीचं! साडेचारशे वर्षांपूर्वीचं कव्हर लेटरच म्हणा ना. आजची काही कव्हर लेटर्स वाचली तर विल्सनसाहेबांना गहिवरून येईल.

आणि ह्यातली सगळ्यात गमतीची गोष्ट म्हणजे इंग्रजीचा पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हीच मुळात अवघड शब्दांची यादी होती. रॉबर्ट कॉड्री नावाच्या शाळामास्तरनं १६०४ मध्ये तो काढला. साधारण अडीच हजार शब्द, पुढे थोडक्यात अर्थ. कोणासाठी, तर ज्यांना लॅटिन शिकायला मिळालं नाही अशांसाठी. थोडक्यात, आपल्यासारख्यांसाठीच.

त्यानंतर दीडशे वर्षांनी, १७५५ मध्ये, सॅम्युअल जॉन्सननं आपला कोश काढला. शब्द बेचाळीस हजारांच्या वर. पण त्याची खरी कामगिरी ती नव्हे. त्यानं लाखाच्या वर अवतरणं दिली. हा शब्द अमक्यानं असा वापरला, तमक्यानं तसा. पुढे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी हजारो सामान्य वाचकांनी वाचता वाचता वाक्यं उतरवून चिठ्ठ्या पाठवल्या. पहिला भाग १८८४ ला आला, काम संपलं १९२८ ला. हा सगळा उपद्व्याप कशासाठी? कारण ह्या लोकांना कळलं होतं की शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीत असतो. इंग्रजांनी कॉड्रीपासून जॉन्सनपर्यंत यायला दीडशे वर्षं घेतली, आणि आपण उलट्या पावली पुन्हा कॉड्रीकडे निघालोय.

संगत म्हणजे काय ते उदाहरणानं बघू. 'एनर्व्हेट' हा यादीतला लाडका शब्द. अर्थ: दुर्बळ करणे. ठीक. मग कोणीतरी उत्साहानं लिहितो की ह्या बगमुळे आपली सिक्युरिटी एनर्व्हेट झाली आहे. यादीप्रमाणे अर्थ बरोबर, वाक्य साफ चूक. शब्दाच्या पोटात 'स्नायू काढून घेणे' अशी लॅटिन कल्पना आहे. मे महिन्यात मुंबईच्या उकाड्यानं जीव गळून जातो ना, ते एनर्व्हेट. सिक्युरिटीचा जीव गळून जात नाही. 'गळून जाणे' आपल्याला कुठे लावायचं ते बरोबर कळतं, कारण तो शब्द आपण हजार वेळा ऐकलाय. यादीनं फक्त नाव सांगितलं, वागणूक सांगितलीच नाही.

'फुलसम' बघा. दिसायला भरघोस. 'फुलसम प्रेझ' म्हणजे भरभरून कौतुक असेल असं वाटतं आणि एके काळी भरपूर असा अर्थ होताही. पण पुढे त्याला ओशटपणा चिकटला. आज अनेक वाचकांच्या लेखी ती लाळघोटी, तोंडदेखली स्तुती. आता अप्रेझलच्या फॉर्मवर आपल्या मॅनेजरला हा शब्द बहाल करून बघा. 'मेरिट्रिशस' तर त्याहून घातकी. वाटतं मेरिटशी नातं असेल. प्रत्यक्षात मूळ आहे वेश्या ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दात, आणि अर्थ आहे वरवर भपकेबाज, आत पोकळ. जो शब्द आपण कधी कोणाच्या वाक्यात पाहिलेला नाही तो स्वतःच्या वाक्यात वापरणं म्हणजे टेस्ट न करता शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनला ढकलण्यासारखं आहे. बहुधा काही होत नाही. झालं की मग शनिवार-रविवार गेला.

आणि खरे घोटाळे दुर्मीळ शब्दांनी होतच नाहीत! ते होतात साध्या शब्दांनी. 'टेबल' घ्या. एखादा मुद्दा टेबल करा असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर तो चर्चेला घ्या, आणि अमेरिकन म्हणाला तर तो बाजूला ठेवा. दुसऱ्या महायुद्धात ह्या एका शब्दावरून ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची लांबलचक वादावादी झाली आणि शेवटी लक्षात आलं की दोघांचं म्हणणं एकच आहे. हा किस्सा चर्चिलनं आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवलाय. 'मूट' तसाच. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये मूट पॉइंट म्हणजे ज्यावर वाद होऊ शकतो असा मुद्दा. अमेरिकेत म्हणजे ज्यावर वाद घालण्यात आता अर्थ उरलेला नाही असा. सकाळी लंडनच्या आणि रात्री न्यू जर्सीच्या क्लायंटशी बोलणाऱ्या माणसानं आधी काय शिकावं, हे की पल्क्रिट्यूडिनस?

"पण थरूर?" हा प्रश्न येणारच. मे २०१७ मध्ये शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये 'फरागो' हा शब्द वापरला आणि सगळा देश डिक्शनरीवर तुटून पडला. आठवडाभर जो तो फरागो. माझं म्हणणं असं की थरूर यांनी शब्द बरोबर वापरला होता. फरागो म्हणजे मुळात गुरांपुढे टाकायचं मिसळलेल्या धान्याचं खाद्य. आपल्याकडे गाईम्हशींना आंबोण देतात, त्याच गोठ्यातला हा शब्द. खोट्यानाट्याची सरमिसळ, आणि वर 'हे गुरांनी खावं' असा तुच्छतेचा वास. थरूर यांच्याकडे हा शब्द वाचनातून आला, आपल्याकडे तो आला फक्त ट्रेंडमधून. म्हणून त्यांच्याकडे राहिला आणि आपल्याकडून आठवड्यात गेला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, आपल्या नव्या पुस्तकाच्या निमित्तानं त्यांनी एकोणतीस अक्षरी 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' सोडला. पुन्हा धावपळ. हा शब्द म्हणजे शाळेतल्या लॅटिन व्याकरणाची थट्टा आहे. एखाद्या गोष्टीला कवडीमोल लेखायचं असेल तर लॅटिनमध्ये लोकरीचा पुंजका, क्षुल्लक वस्तू, शून्य, केस असे शब्द वापरत; ते चारही एकापुढे एक जोडून हा डबा तयार झाला. आता सांगा, ह्या कल्पनेत आपल्याला नवीन काय आहे? 'कस्पटासमान लेखणे' आपण म्हणतोच की. तिकडे लोकरीचा पुंजका, इकडे काडीचा तुकडा. उपमा तीच, भाव तोच, आणि आपला शब्द वाक्यात बसतो! ज्याच्या डोक्यात 'कस्पटासमान' जिवंत आहे त्याला तो इंग्रजी आगगाडीछाप शब्द एकदा ऐकून कळतो. ज्यानं 'कस्पटासमान' कधी ऐकलेलंच नाही त्याला एकोणतीस अक्षरं पाठ करावी लागतात. घोकंपट्टी ही बहुतेक वेळा आपल्याच भाषेतल्या गरिबीची भरपाई असते. कटू आहे, पण आहे.

ह्याचा कळस म्हणजे 'पेट्रिकोर'. दर जूनमध्ये पहिली सर आली की मुंबई-पुण्याच्या निम्म्या स्टेटसवर हा शब्द झळकतो. १९६४ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी, ऑस्ट्रेलियात तो घडवला. दगड ह्या अर्थाचा ग्रीक शब्द अधिक देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. कोरड्या दगडमातीवर साठलेली आणि पाऊस येताच दरवळणारी तेलं त्यांना अभिप्रेत होती. सुंदर शब्द आहे, वाद नाही. पण त्या शोधनिबंधातच उल्लेख आहे की भारतात लोक हा वास आधीपासून अत्तर म्हणून काढतात. कनौजचं 'मिट्टी का अत्तर'. आणि आपल्याकडे विंदा करंदीकरांचा 'मृद्गंध' हा कवितासंग्रह आला १९५४ मध्ये. ऑस्ट्रेलियातला शब्द जन्माला यायच्या दहा वर्षं आधी! म्हणजे वास आपला, अत्तर आपलं, शब्द आपला. आणि पाऊस पडल्यावर आपण शोधतो काय, तर स्पेलिंग.

हे ऐकून कोणाला वाटेल की हा सगळं आपल्याकडे होतं म्हणणाऱ्यांपैकी आहे. नाही हो. काही गोष्टी आपल्याकडे नसतात आणि तेही नीट कळायला हवं. 'सेरेन्डिपिटी' बघा. यादीत अर्थ: सुखद योगायोग. हॉरेस वॉलपोलनं १७५४ च्या एका पत्रात हा शब्द घडवला, सेरेन्दिप म्हणजे लंकेच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून. त्यात त्यानं दोन गोष्टी बजावून सांगितल्या: नशीब आणि चाणाक्षपणा. शोधत होतो एक, दिसलं दुसरं आणि त्याचं मोल ओळखता आलं. आपल्याकडे काकतालीय न्याय आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला. घुणाक्षरन्याय आहे: भुंग्यानं लाकूड पोखरता पोखरता नकळत अक्षर उमटावं तसा. दोन्हींत योगायोग आहे, पण ओळखणारी नजर नाही. भुंग्याला अक्षर वाचता येत नाही. १९२८ मध्ये फ्लेमिंगच्या बशीत बुरशी पडली हा झाला योगायोग. बशी धुवायला न टाकता तो बघत राहिला ही झाली सेरेन्डिपिटी. आता हा शब्द कोणी विसरून दाखवावा! आणि 'लिफ्टमध्ये जुना मित्र भेटला, व्हॉट सेरेन्डिपिटी' असं म्हणायची इच्छाही होणार नाही.

खरं तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला सगळ्यात सोपं जायला हवं. आपण रोज कितीतरी दुर्मीळ शब्द बिनचूक वापरतो. 'आयडेम्पोटंट' हा शब्द बेंजामिन पीअर्स ह्या गणितीनं १८७० मध्ये बनवला. कोणत्या क्लासात घोकला होता आपण? कुठल्याच नाही. पैसे भरायचं बटण युजरनं दोनदा दाबलं, पैसे दोनदा कापले गेले, शिव्या खाल्ल्या, आणि मग कोणीतरी सीनियर म्हणाला, "हा कॉल आयडेम्पोटंट करा." लिफ्टचं बटण दहादा दाबा, लिफ्ट एकदाच येते. संपलं. जन्मात विसरणार नाही. 'डेप्रिकेट' तसाच. मुळात प्रार्थना करून संकट टाळणे. आपण शिकलो ते एडिटरमधल्या आडव्या रेघेतून: अजून चालतंय, पण नव्यानं वापरू नका, पुढे काढून टाकणार आहोत. इतकी छटा कुठल्या यादीत आली असती?

आणि ज्या मशीनला भाषा शिकवली तिलाही आपण यादी दिली नाहीच. जे. आर. फर्थ नावाचा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९५७ मध्येच सांगून गेला होता की शब्द ओळखायचा तो त्याच्या सोबत्यांवरून. २०१३ मध्ये गूगलच्या संशोधकांनी वर्डटूव्हेक काढलं ते ह्याच तत्त्वावर: कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते अब्जावधी शब्दांच्या मजकुरात बघत जा. आज जी मॉडेल्स आपले ईमेल लिहून देतात ती त्याच वाटेनं पुढे गेलेली. मशीनला आपण वाचायला लावतो, आणि माणसाला घोकायला. काय म्हणावं?

आता ह्या सगळ्यात खरं नुकसान कोणाचं होतं ते सांगतो, कारण त्यासाठीच हे लिहायला बसलो. इंग्लिश मीडियमवाल्याचं काही जात नाही. तो गंमत म्हणून दोन शब्द शिकेल आणि विसरेल. नुकसान होतं ते तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेल्या पोराचं. अशी पोरं प्रत्येक टीममध्ये असतात. कोड झकास, डोकं तल्लख, आणि मीटिंगमध्ये गप्प. त्यांना कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "व्होकॅब वाढव." मग तो हजारो रुपये फी भरून क्लास लावतो, रोज दहा शब्द करतो. सहा महिन्यांनी त्याच्याकडे अठराशे शब्द असतात आणि मीटिंगमध्ये तो अजूनही गप्प असतो. कारण त्याचं गाडं दुर्मीळ शब्दावर अडलेलंच नव्हतं. ते अडलं होतं 'मला कळलं नाही, पुन्हा सांगता का' हे इंग्रजीत बिनधास्त म्हणण्यावर. 'बाय फ्रायडे' आणि 'टिल फ्रायडे' ह्यांतल्या फरकावर. 'पुट' ह्या एका चिमुकल्या क्रियापदापुढे ऑफ, अप विथ, अक्रॉस लागलं की काय काय होतं ह्यावर. हे कोणी शिकवत नाही, कारण ह्यात दिमाख नाही आणि ह्याची रील होत नाही.

उलट यादीनं त्याची भीती वाढवली. आता त्याला वाटतं की समोरच्या प्रत्येकाकडे ते साडेतीन हजार शब्द आहेत आणि आपण अजून 'एम'वरच आहोत. समोरच्यानं एखादा अवघड शब्द फेकला की तो मान डोलावतो. शंका विचारायची राहून जाते, आणि चुकीची गोष्ट बनून जाते. ऑफिसात अवघड शब्द बऱ्याचदा अर्थ सांगायला वापरत नाहीतच मुळी. गप्प बसवायला वापरतात. पूर्वी हे काम संस्कृतनं केलं, मग फारसीनं, आता हे करतंय. आपण ह्या दरवाज्याबाहेर पुरेसे उभे राहिलेलो आहोत. आत शिरल्यावर कडी लावणारे आपणच व्हावं?

मग करायचं काय? वाचायचं. जे आवडतं ते: क्रिकेट, रहस्यकथा, वॉरेन बफेची वार्षिक पत्रं, काहीही. शब्द अडला तर अर्थाच्या आधी अख्खं वाक्य वहीत उतरवायचं. तीन वेगवेगळ्या माणसांच्या वाक्यांत तो भेटेपर्यंत स्वतः वापरायचा नाही. त्याच्या पोटातली कल्पना काय आहे ते बघायचं आणि तीच कल्पना मराठीत कुठे भेटते ते शोधायचं. त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळा. १८३१ चा, सुधारून वाढवलेला १८५७ चा, आज ऑनलाइन फुकट आहे. एका इंग्रजानं आपल्या म्हणी आणि वाक्प्रचार सोबत्यांसकट कसे टिपलेत ते बघून जरा लाजही वाटेल, आणि ती वाटलेली बरी.

आणि मीटिंगमध्ये पुढच्या वेळी कोणी असला शब्द टाकला तर शांतपणे विचारा, "म्हणजे नक्की काय?" ज्याला शब्द खरंच येतो तो आनंदानं सांगेल, कारण त्याच्याकडे वाक्यं असतात. ज्यानं यादीतून उचललाय तो अजून एक अवघड शब्द टाकेल. तेव्हा पुन्हा विचारा.